फक्त मोठ्यांसाठी, बुधवारी दहा ते बारा

आमच्या पार्कात लहान मुलांच्या विभागाला वेगळं फाटक आहे. त्या फाटकावर गेली कित्येक वर्षं मी बसते. छोटी आगगाडी, घसरगुंड्या, बदकांचं तळं, सगळं त्या फाटकाच्या आत. नियम एकच. सोबत मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडायचं नाही. नियम चांगलाच आहे. मुलं खेळतात तिथे मोठ्यांनी उगाच का भटकावं, असं मलाही वाटतं. पण मोठ्यांना आत यायचं असतंच. मग ते मूल उसनं घेतात.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. कॉलेजातली जोडी असते, नाहीतर नुकतंच लग्न झालेले. फाटकाच्या अलीकडे घुटमळतात. दोन-तीन मुलं असलेलं कुटुंब दिसलं की पुढे होऊन म्हणतात, "बेन, तुमचा एक बाबो आमच्याबरोबर देता? आत गेलो की लगेच परत." आया हसून देतात. मूलही खुशाल परक्याचं बोट धरून आत येतं आणि चार पावलांवर सोडून पळतं. मला सगळं दिसत असतं. मी तिकिटाला भोक पाडते आणि सोडते. पार्कच्या साहेबांनाही हे ठाऊक आहे.

काका आणि काकू पहिल्यांदा असेच आत आले, एका हसऱ्या बाईचं मूल उसनं घेऊन.

काका-काकू म्हणजे माझे घरमालक. मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, नवऱ्याला बडोद्याजवळ कारखान्यात काम लागलं म्हणून इथे आले. तिसऱ्या वर्षी तो आजारपणात गेला. मुलगा दीड वर्षाचा होता. त्याला आईकडे ठेवलं आणि मी इथेच राहिले, कारण काम इथे होतं, तिकडे नव्हतं. कारण एवढंच आहे, पण सांगताना अजूनही वाटतं की आपण काहीतरी लपवतोय.

खोली शोधत बडोद्यात गोत्री भागातल्या एका सोसायटीत शिरले होते. आईशी फोनवर बोलत होते, ते ऐकून ओट्यावरच्या एका बाईंनी मला मराठीत विचारलं, "काय हवंय आपल्याला?"

आपल्याला! माझ्याशी तोवर असं कुणीच बोललं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आहे म्हणून.

त्या काकू. त्यांचे वडील संस्थानाच्या काळात दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते. राज्य गेलं, मग गुजरात वेगळा झाला, पण हे लोक बडोदं सोडून कुठे गेले नाहीत. काकूंनी जन्मभर शाळेत शिकवलं, पहिली बरीच वर्षं डभोईला. काका प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात कारकून होते, सायकलवरून जायचे. घरात दोघं स्वच्छ मराठी बोलत, पण मध्येच "चालेल ने" आणि "बस, हवे पुरे" यायचंच. मागची खोली त्यांनी मला दिली. नुसती खोलीच नाही. मला गुजराती वाचता येत नाही हे कळल्यावर काकूंनी संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला अक्षरं शिकवली. म्हणाल्या, "घाबरू नकोस. मराठीच समज. फक्त अक्षरांच्या डोक्यावरची रेघ काढून टाकायची. ती आपली लाज, डोक्यावरचा पदर, ती इथे लागत नाही." तेवढ्यावर मला पाट्या वाचता यायला लागल्या, आणि पाट्या वाचता आल्या म्हणून फाटकावरचं काम मिळालं. मी आज जिथे बसते ती खुर्ची काकूंची आहे, असं मी मनात धरूनच बसते.

मग एका सकाळी मी कामावर निघाले तर त्यांनी ओट्यावरून विचारलं, "काय हवंय आपल्याला?" मला वाटलं जुनी आठवण काढून थट्टा करतायत. हसले. त्या हसल्या नाहीत. त्या खरंच विचारत होत्या.

पुढे ते वाढत गेलं. त्यांचा मुलगा परदेशात, रविवारी फोनच्या पडद्यावर दिसायचा. डोक्याला टक्कल, चष्मा. काकू पदर सावरून काकांना म्हणायच्या, "हे गृहस्थ कोण? चहा विचारा त्यांना." पलीकडून तो म्हणायचा, "आई, मी आहे गं." काकू हळूच म्हणायच्या, "बरं बोलतात. मराठी आहेत वाटतं." काका हसायचे. हसून फोन ठेवायचे आणि बराच वेळ तिथेच बसून राहायचे.

दुसरं एक सुरू झालं. रोज सकाळी नऊच्या सुमारास काकू साडी बदलून, पर्स घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभ्या राहायच्या. डभोईची गाडी गाठायची आहे. त्या काळी प्रतापनगरहून डभोईला छोट्या रुळांची गाडी जायची. त्या गाडीने त्या शाळेत जात आणि मुलगा लहान असताना त्यालाही बरोबर नेत, त्याच शाळेत बसवायला. ती लाइन केव्हाच मोठ्या रुळांची झाली. काका समजावत, "अगं, ती गाडी बंद झाली." काकू म्हणत, "मग मुलाला कसं न्यायचं?" आणि "मूल कुठाय?" विचारून घरभर शोधत. एकदा तर पलंगाखाली वाकून पाहत होत्या. मी त्यांना उठवलं, त्या मला "थँक यू" म्हणाल्या.

काकांनीच मला विचारलं, "तुझ्या पार्कात छोटी गाडी आहे ने? एकदा बसवू हिला."

तेव्हा ते उसन्या मुलाबरोबर आत आले. गाडीच्या मधल्या डब्यात दोघं गुडघे वर करून बसले. गाडी बदकांच्या तळ्याला वळसा घालून, कागदाच्या लगद्याच्या बोगद्यातून निघते आणि परत तिथेच येते. काकू बाहेर बघत राहिल्या. फेरी संपत आली की विचारायच्या, "डभोई आलं का?" काका म्हणायचे, "आता येईल." चार फेऱ्या झाल्या. गाडी चालवणारा भाई माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मी हात जोडून दाखवले, चालू दे.

त्या दुपारी काकू पोटभर जेवल्या. पुढचे दोन दिवस पर्स घेऊन फाटकाशी आल्या नाहीत.

मग दर आठवड्याला येऊ लागले. तिसऱ्या वेळी काकूंनी उसन्या मुलाचं मनगट सोडलंच नाही. आत आल्यावर ते पोर पळायला बघतंय आणि काकू म्हणतायत, "माझा आहे हा. पडेल." मुलाची आई आधी हसली. मग तिचं हसू गेलं. काकांनी काकूंची बोटं एकेक करून उघडली, बरणीचं घट्ट झाकण उघडतात तशी. बाई मूल छातीशी धरून निघून गेली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "त्या मासींना आता मुलांमध्ये आणू नकोस. काही झालं तर?"

त्यांचं चूक नव्हतं. त्या बाईचंही नव्हतं.

काकू पुन्हा पर्स घेऊन उभ्या राहू लागल्या. मला रात्रंदिवस एकच विचार. शेवटी एक युक्ती सुचली, आणि ती साहेबांना सांगायला मला आठवडा लागला. मी तशीच आहे. खोलीचं कुलूप दोनदा ओढून पाहते, बस सुटल्यावर तिसऱ्यांदा मनात ओढते.

"साहेब, एक विचारू?"

"रजा सोडून काहीपण विचार."

"बुधवारी सकाळी पोरं शाळेत असतात. गाडी रिकामी फिरते. दहा ते बारा फक्त मोठ्यांसाठी ठेवलं तर? त्या वेळात मूल नको. मोठे एकटे आले तरी आत."

"मोठे घसरगुंडीवर काय करणार? त्यांना झाडाखाली बसून खमण खायचं असतं."

"येतील साहेब. रोज फाटकावर मूल उसनं मागतात, तुम्ही बघता ने?"

ते हसले. बोटांनी टेबलावर ठेका धरला. "एक महिना बघू. पण बेन, ऐक. त्या दोन तासांत एकपण छोकरू आत दिसलं, तर त्याच दिवशी बंद. मोठी माणसं पोरांच्या विभागात कशाला येतात, म्हणून लोक आधीच शंका काढतात. त्यात असे सुटे मोठे आणि पोरं एकत्र, आणि पोरांचे आई-बाप गाफील... ना ना. समजलं?"

"समजलं."

पाटी लागली. गाडीवाला भाई म्हणाला, "लो, मोठ्यांची बालवाडी सुरू! डबा, पाण्याची बाटली आणा म्हणावं."

पहिल्या बुधवारी काका-काकू आले आणि आणखी कुणीच नाही. दुसऱ्या बुधवारी शहरातल्या समा भागातून बायकांचं एक मंडळ आलं, सात-आठ जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांनी घसरगुंडीवर जो गोंधळ घातला! एक जण मध्येच अडकली. वरून दुसरी ओरडतेय, "धक्को मार ने!" अडकलेली म्हणतेय, "मारशील तर बघ, सुनेला काय सांगू, कुठे मोडलं?" मग सगळ्या एकदम खाली, चपला वरच. जाताना त्यातली एक मला म्हणाली, "बेन, नातवांना घेऊन कितीतरी वेळा आलो. प्रत्येक वेळी बाहेर उभं राहून पर्स धरायची आणि फोटो काढायचे. आज पहिल्यांदा बसलो." तिने माझा गाल धरला. मला फार बरं वाटलं. वाटलं, एका म्हातारीसाठी मागितलेलं इतक्यांच्या कामी आलं.

काकू तर गाडीत बसल्या की खाली उतरायचं नावच नाही. आजूबाजूला मूल नसलं की त्या शोधतही नसत. नुसत्या बाहेर बघत. मधूनच, "डभोई आलं का?" काकांचं ठरलेलं उत्तर. एकदा काका उतरून माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आठवड्यातले दोन तास मी नवरा असतो गं. बाकी वेळ वॉचमन."

तिसऱ्या आठवड्यात साहेब स्वतःहून म्हणाले, "चालेल असं दिसतंय. पुढेही ठेवू." मी देवाला हात जोडले. ते मी फार लवकर जोडले.

चौथ्या बुधवारी साडेदहाच्या आसपास एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. छोटा उदेपूरच्याही पुढून कुठूनतरी, पहाटेपासून दोन बस बदलून. मुलाच्या केसांना चापून तेल लावलेलं, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी सांगितलं, बारानंतर या. बापाने पाटीकडे पाहिलं. त्या पाहण्यावरून मला कळलं की त्याला पाटी वाचता येत नाही. मीही कधीकाळी पाट्यांकडे तशीच पाहायचे.

तो म्हणाला, "बेन, एकच दिवसाची सुटी आहे. साडेबाराची बस सुटली तर मग मुक्काम."

मी म्हटलं, "नियम आहे भाई."

ते समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. मुलगा जाळीला नाक लावून गाडीकडे बघत राहिला. जाळीच्या चौकटीचा ठसा त्याच्या नाकावर उठला होता. त्याने बापाला विचारलं, "मोठ्यांना का बसवतात?"

माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. मी जिथे काम करते तिथे गाडी आहे हे त्याला माहीत होतं आणि ती त्याने पाहिली नव्हती. फोनवर विचारायचा, "आई, गाडी शिट्टी मारते का?" मी म्हणायचे, मारते.

अकरा वाजून गेले असतील. साहेब ऑफिसात होते. काका-काकू गाडीतून उतरून तळ्याकाठी बाकावर बसलेले मला दिसत होते. मी उठले आणि त्या माणसाला खूण केली. म्हटलं, "गुपचूप या. गाडीत दोन फेऱ्या मारायच्या आणि लगेच बाहेर. मुलाचा हात सोडू नका."

तिकिटाला भोक पाडायच्या आधी मी दोनदा ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग पाडलं.

बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. समाच्या बायका आल्या, त्यांची तिकिटं बघण्यात माझी पाठ वळली. काका पाणी आणायला कँटीनला गेले होते. मुलाच्या आई-बापाने त्याला गाडीत बसवलं आणि स्वतः जाळीशी उभे राहून बघत राहिले, सगळेच आई-बाप राहतात तसे. गाडी बोगद्यातून बाहेर आली तेव्हा काकू त्या मुलाशेजारी होत्या. कधी चढल्या कुणाला कळलं नाही. भाईला वाटलं, नेहमीच्याच मासी. गाडी थांबली. आई-बाप या बाजूला, काकू त्या बाजूला उतरल्या, मुलाचा हात धरून. उतरताना त्या मोठ्याने म्हणाल्या, असं भाईने नंतर सांगितलं, "चल, डभोई आलं."

मग आईची किंकाळी ऐकली.

मी धावले. फाटक उघडं टाकून धावले. काका पाण्याची बाटली हातात घेऊन तळ्याच्या कडेने नुसते "अगं, अगं" करत होते. बाप पाण्यात वाकून बघत होता. ते बघणं मी विसरू शकत नाही.

मला ते सापडले कँटीनच्या मागे, पायरीवर. काकूंनी मुलाला शेजारी बसवलं होतं. पदराने त्याचं नाक पुसलेलं. धुळीत बोटाने मोठं "क" काढलं होतं, डोक्यावर रेघ नसलेलं, आणि त्या मुलाचं बोट धरून त्यावरून फिरवत होत्या. मुलगा घाबरलेला नव्हता. जीभ बाहेर काढून मन लावून गिरवत होता.

मी हाक मारायला हवी होती. नाही मारली. थोडा वेळ तशीच उभी राहिले. तो थोडा वेळ मी त्या आई-बापांकडून चोरला, हे मला माहीत आहे.

तेवढ्यात बाप आला. त्याने मुलाला उचललं, काकूंनी हात सोडला नाही, ओढाताण झाली. काकू पायरीवरून खाली पडल्या. बांगडी फुटून मनगटात गेली, गुडघा खरचटला. मुलगा तेव्हा रडला, त्याआधी नाही. आई धपापत ओरडत होती, "ही डोशी, ही म्हातारी छोकरं पळवते! कोणी बोलवा!" मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "या बेननेच आत सोडलं."

साहेब आले होते. त्यांनी ऐकलं. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "तूच मागितलं होतंस. तूच बंद केलंस." पाटी दुपारीच उतरली. मासींना पार्कात पुन्हा आणायचं नाही असं काकांना सांगितलं, नीट, हात जोडून सांगितलं. मला कामावरून काढलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, आणि त्या आभाराचं ओझं वाटतं.

समाच्या बायका पुढच्या बुधवारी आल्या आणि फाटकावरून परत गेल्या. ती गाल धरणारी म्हणाली, "अरे, आमचं काय चुकलं?"

आता काकू रोज सकाळी पर्स घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभ्या असतात. मी मागच्या गल्लीने कामावर जायला लागले. महिनाभर काकांशी मी नीट बोलले नाही. मीच आत सोडलं हे त्या मुलाच्या आईचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही, मला कळत नव्हतं. एकदा रविवारी ते मागच्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मला म्हणाले, "बस."

मी बसले. शेंगा घेतल्या.

"त्या दिवशी फाटक तुझ्याकडे होतं ने?"

"हो काका."

"लांबून आले होते?"

"छोटा उदेपूरच्या पुढून."

"हं. मग काय, बाहेर ठेवणार होतीस?" मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नकोस, शेंगांत पाणी पडतंय." मग पुढची शेंग सोलत, "रिक्षात घरी येईपर्यंत ती काय म्हणत होती ठाऊक आहे? सापडला. सापडला. हाताला रक्त, आणि तोंडावर असं... लग्नात नव्हतं इतकं." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "तुझा मुलगा मे महिन्यात येणार आहे ने?"

"येणार आहे."

"पार्कात वगैरे नको. इथेच. सकाळी नऊ वाजता, सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत. तिचं बोट धरून. मी बरोबर असेन. पाच मिनिटं. तू नाही म्हणालीस तरी चालेल."

मी म्हटलं, "त्यात काय काका, नक्की."

मनापासून म्हटलं होतं. ज्या बाईने मला अक्षर दिलं, तिच्यासाठी पाच मिनिटं. पण त्यानंतर रोज मला काकूंची ती बोटं दिसायला लागली, एकेक करून उघडावी लागणारी. पाण्यात वाकलेला बाप दिसायला लागला. माझा मुलगा मला वर्षातून एकदा भेटतो, मी गावी गेले की, आणि मलाच थोडा परका असतो. पहिले दोन दिवस माझ्यापेक्षा माझ्या पिशवीजवळ जास्त बसतो. त्याने काकूंचा हात धरला आणि काकू म्हणाल्या, माझा आहे हा, आणि तो गेला खुशाल, तर? खरं सांगायचं तर मला त्याचीच भीती होती.

मे महिन्यात मी त्याला आणलं नाही. आईला सांगितलं, इकडे ऊन फार आहे. काकांना सांगितलं, त्याला गोवर आला. त्यांनी विचारलं, "ताप आहे का?" मी म्हटलं, "उतरला." ते म्हणाले, "उन्हात फिरू देऊ नका त्याला," आणि आत गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

मोठ्यांसाठी वेगळी वेळ ठेवावी का, हे आता पार्कात कुणी विचारत नाही. मला विचारलं तर मी म्हणेन, ठेवावी. आणि फाटकावर माझ्यासारखी बसवू नये.

काल एक तरुण जोडपं फाटकाशी घुटमळत होतं. एका बाईने आपलं मूल त्यांच्याकडे दिलं, विचारलंसुद्धा नाही, कोण, कुठले. हसली. मी तिकिटाला भोक पाडलं आणि त्या मुलाकडे, ते परत आईजवळ पोचेपर्यंत, बघत राहिले.